रोबोला विसरायला शिकवलं ते दिवस

९ फेब्रु. २००३, कारेगाव
रोबो चालला एकदाचा! कंपनीतली पहिली पाळी करून आलो, चहासुद्धा न घेता बॅटरी जोडली. खाटेखालून निघाला तो कपाटाला न धडकता दारापर्यंत. एम.ई.चा निम्मा प्रोजेक्ट झाला म्हणायचं. बायको (वैशाली, वही लहान, इथून पुढं वै.) पाय वर घेऊन खाटेवर. चौथा महिना लागलाय, वाकू देत नाही मी तिला.
म्हणाली, "ह्याला कोण सांगतं कुठं वळायचं?"
कुणीच नाही. शरीरात जंतू शिरला की त्याला जुळणारी अँटिबॉडी वाढते, बाकीच्या दबतात. तसं ह्याच्यात 'पुढं जा', 'डावीकडं वळ', 'मागं हो' ह्या अँटिबॉडी. समोर काही आलं की एकमेकींना चढवतात, दाबतात. जी वर येईल ती चाकं फिरवते.
"म्हंजी ग्रामसभाच की. आन् सरपंच न्हाई."
थिसिसमध्ये हेच लिहावं.

१६ फेब्रु.
आज आठवण घातली. शरीर पहिल्या वेळी गोंधळतं, दुसऱ्या वेळी त्याच जंतूवर लगेच तुटून पडतं. ह्यानं पण तसंच करावं म्हणून पिठाच्या डब्यावर एकदा धडकवला. दुसऱ्या फेरीला हातभर आधीच मागं फिरला! मी टाळ्या वाजवल्या. वै. म्हणते, बिचारा भ्यालाय. भ्यालाय काय, शिकलाय.

२० फेब्रु.
शिरूर. डॉक्टरीणबाईंकडं रिपोर्ट. वै.चा रक्तगट निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह. तिच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, बाळाच्या रक्तावर जाऊ शकतील अशा. बाईंनी विचारलं, "आधी कधी दिवस गेले होते?"
वै.नं खाली मान घालूनच 'हो' म्हटलं.
गेल्या वर्षी. अडीच महिन्यांचं होतं, घरीच गेलं. आईनं लग्नातच बजावलेलं, तीन महिने भरल्याबिगर तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते. आहे तेच कुणाला सांगितलं नव्हतं, मग गेलं ते कुणाला सांगणार? दवाखाना नाही, काही नाही. वै. दोन दिवस पडून राहिली, तिसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसली. मी दुसऱ्या पाळीला गेलो.
तेव्हाच तीन दिवसांत एक इंजेक्शन घ्यायचं असतं म्हणे. आता घेऊन उपयोग नाही, शरीरानं लक्षात ठेवलंय. अँटिबॉडींचा आकडा अजून लहान आहे, महिन्यानं परत तपासायचा. वाढला आणि बाळाचं रक्त फुटायला लागलं तर...

२१ फेब्रु.
दीड वर्ष अँटिबॉडीत डोकं घालून बसलोय आणि बायकोचा रक्तगट माहीत नव्हता. गाढव आहे मी. बाकी काही लिहवत नाही.

२ मार्च
रिपोर्ट आल्यापासून दहा दिवस रोबोला हात लावला नव्हता. आज लावला तर वेगळीच तऱ्हा. पिठाचा डबा गिरणीत गेलेला, जागा मोकळी, तरी पठ्ठ्या तिथून मागं फिरतोय. दाराकडं जाईचना. गाईड सरांना फोन केला. म्हणाले, अहो, विसरणं पण घाला. वेळ जाईल तशी आठवण उतरू द्या. प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. तिसऱ्या फेरीला बिचकत बिचकत दारापर्यंत गेला.
वै.ला म्हणालो, बघ, विसरला. आणि एकदम भरून आलं. हा एका ओळीत विसरतो, तिच्या रक्तात तशी ओळ घालायची सोय नाही. बोलून गेलो, तुझं रक्तच वैरी झालं गं.
भडकलीच. "माझ्या रगताला नावं ठिवू नगा. मला राखायलाच धावतंय ते. आत आपलंच लेकरू हाय, हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई. आपुन तरी कुठं कुणाला सांगितलं?"
मग डोळे पुसून म्हणाली, "यवतला चला. आत्यांना समदं सांगू." आत्या म्हणजे माझी आई.

९ मार्च, यवत
वै.नंच सांगितलं. मी माझ्या चपलांकडं बघत होतो. आता आई तोंडाचा पट्टा सोडणार, असं वाटलं. पण ती वै.जवळ सरकली. मला म्हणाली, "तुझ्या पाठची दोन गेली रं. तू पयला, चांगला टणटणीत. ती दोन्ही हळदीवानी पिवळी झाली आन् गेली. तुझ्या वक्ताला मी पयल्या म्हैन्यापास्नं गावभर सांगत सुटले व्हते. वाटलं, त्याचीच दृष्ट पाठच्यांना लागली. म्हनून तर तुमाला गप ऱ्हायला सांगितलं."
मी एकुलता, एवढंच मला माहीत होतं. तीस वर्षं ही बाई हे घेऊन जगली. वै.नं तिचं डोकं मांडीवर घेतलं. आईला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

१३ मार्च
शिरूरला आईचं रक्त तपासलं. निगेटिव्ह. बाईंनी कागदावर काढून दाखवलं. रक्तगटात एक वाटा आईचा, एक बापाचा; आईकडून मला निगेटिव्ह वाटा आलेलाच आहे, तेव्हा बाळाला माझ्यातला कोणता गेला असेल, निम्मं-निम्मं. वै.सारखं निघालं तर तिचं रक्त त्याला हात लावणार नाही. माझ्यासारखं निघालं तर पुढची लढाई. आत्ता बाहेरून कळत नाही.
पाठची दोन्हीही रक्ताच्या ह्याच भांडणानं पिवळी पडली असणार, हे आईला दोनदा समजावलं. ती म्हणाली, "म्हंजी माझ्या तोंडामुळं न्हाई ना गेली ती?"
न्हाई गं आई. न्हाई.

२० मार्च, कारेगाव
आकडा एक पायरी चढला. घाबरण्याइतका नाही, निर्धास्त राहण्याइतकाही नाही, असं बाई म्हणाल्या. पंधरा दिवसांनी परत. तेव्हाही वाढला तर पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. येताना एसटीत वै.नं माझा हात सोडला नाही.
आई इथंच राहायला आलीय. नळावर येणाऱ्या प्रत्येक सुनेला अडवते, "रगत तपासलं का गं?" सगळ्या हसतात. हसू देत.
लग्न झाल्यापासून हिचं एकच पालुपद होतं, नातवंड माझ्या लेकावर गेलं पायजे, नाकडोळे समदं त्याचंच. आज वै.च्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "बापावर जाऊ नगंस रं बाळा. त्याचं काय बी घिऊ नगंस. समदं आईचं घे."
मी तिथंच बसलो होतो. म्हणालो, व्हय रं बाळा, आजीचं ऐक.