सूर्याविरुद्ध नऊ मतं

२२ मार्च, शनिवार

बसलं एकदाचं सूर्यघड्याळ! धक्क्यावर तासांचे दगड अर्धगोलात, मध्ये महिन्यांच्या फरश्या. चालू महिन्याच्या फरशीवर माणसाने उभं राहायचं. सावली ज्या दगडाकडे, तितके वाजले. आमच्या खगोल मंडळातली पाचही म्हातारी माणसं आणि माझ्या शाळेतली सातही मुलं टाळ्या वाजवत होती. सरपंच प्रोस्पेरनी फीत कापली, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं — "चालतंय!" जणू किल्ली त्यांनीच दिली होती.

३० मार्च

आज उन्हाळ्यापुरती देशभर घड्याळं तासभर पुढे केली. सूर्याला कोणी कळवलं नाही. सकाळीच सरपंच दारात — "येर्काबाई, आठवड्यात बिघडलं?"

४ एप्रिल

ग्रामसभा. मी म्हटलं, प्रत्येक दगडावरचा आकडा एकाने वाढवा, झालं. "कोरलेत ते! पुन्हा कोरायचे?" शेवटी मतदान. सूर्याच्या बाजूने चार, विरुद्ध नऊ. ठराव — ऑक्टोबरात घड्याळं परत मागे येईपर्यंत उभं राहणाऱ्याने उजवीकडे झुकावं. पाटीसुद्धा लागली!

१२ एप्रिल

सगळं गाव झुकतंय. पाद्रीबाबाही. कोणाचे दहा वाजतात, त्याच क्षणी कोणाचे पावणेबारा.

सावली बरोबर पडते ती एकट्या बार्बा कुझ्मांची (वडीलधाऱ्यांना इथे बार्बा म्हणतात, म्हणजे काका). वय एक्याऐंशी, जन्मभर बोटींचे दोर बांधले, उजवा खुबा कामातून गेलेला. नुसते उभे राहिले की पुरेसे झुकतात. सरपंचांनी त्यांना 'अधिकृत' करून टाकलं — रोज अकरा ते एक. त्यांनी खुर्ची मागितली, तर म्हणे, "बसलात तर किती वाजतील?"

१० मे

शनिवारचा वर्ग. मुलं खडूने बार्बांच्या सावलीची टोकं आखतात. बार्बांची कुरकुर — "हलू का? नाक खाजतंय." आज मात्र एकदम विचारलं, "ए फिलके, दुपारी मी इतका बुटका का होतो गं?"

फिलका दहा वर्षांची. संत्र्यात टाचणी खुपसून समजावत बसली. ते पुन्हा विचारायचे, ती पुन्हा सांगायची. मी असते तर चिडले असते.

५ जून

शहरातून पत्र. सातच मुलं, किमान आठ हवीत. सप्टेंबरपासून शाळा बंद! पोरांनी रोज बोटीने पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शाळेत जायचं. सरपंचांनी पत्र दोनदा वाचलं. मग हळूच — "मतदान घेऊ या का?" मला हसू आलं, आणि मग आवरेना.

मुलांना सांगितलं. बार्बा दारातच होते, टोपी हातात.

९ जून, सोमवार

अकरा वाजून गेले तरी धक्क्यावर कोणी नाही. बार्बा वर्गाच्या दारात — दाढी केलेली, बगलेत कोरी वही. "वडील बुडाले तेव्हा तिसरीत शाळा सोडली होती. घ्याल का, बाई?"

हजेरीत लिहिलं — आठ, कुझ्मा. फिलका बाकावर सरकली.