अंगठीवरचं नाव

संत मार्टिनच्या सणानंतरचा सोमवार, मठातून

चि. ओडा हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

अगं, सुटले एकदाची! मठाच्या मुख्य आईंनी माझे केस कापले. बाबा फाटकावर लाथा घालून, घसा बसेपर्यंत शिव्या देऊन गेले. दोन बायका पुरलेल्या त्या गेरो सरदाराच्या घरी मी आता जाणार नाही. इथे थंडी हाडात शिरते, सूप म्हणजे नुसतं सलगमचं पाणी, तरी झोप अशी लागते म्हणून सांगू! संन्यासिनीची शपथ घेतली की नवं नाव मिळेल, अगाथा. हसू नकोस.

माझ्या लग्नाच्या हिरव्या झग्याचं काय केलंत? चर्चला देऊन टाका म्हणावं आईला.

माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई, रिखिल्डिस

नाताळचा आठवडा, घरून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

झगा आई खांद्यात आत घेते आहे, माझ्यासाठी. गेरोला मुलगी देतो असा शब्द दिलाय, कोणती याच्याशी त्याला काय करायचंय, असं बाबा जेवताना हसत म्हणाले. आई रडते आणि टाके घालतच राहते. पंधरवड्यात तीन राजांचा सण, तो झाला की लग्न.

ताई, मी पण येते गं तिकडे. सलगमचं पाणी पिईन. मठाच्या आईंना विचार ना. मी बडबडी आहे हे मात्र सांगू नकोस.

तुझ्याच भरवशावर,
ओडा

तीन राजांच्या सणाचा दिवस, मठातून

चि. ओडा हिस आशीर्वाद.

मठाच्या आईंच्या पाया पडले. एका मुलीपायी तुझ्या बापानं आमचा चारा जाळला, दुसरीपायी मठ जाळेल, मग या सगळ्या बायकांनी जायचं कुठे, असं त्या म्हणाल्या. खरंच आहे त्यांचं, तरी मला त्यांचा राग येतो.

माझी शपथ अजून व्हायची आहे. मीच परत येते. केस काय, वाढतील. बर्फातून वाट झाली की निघालेच. तोवर ताप आलाय म्हण, काहीही कर, पण तो झगा अंगाला लावू नकोस.

तुझी ताई

फेब्रुवारीतला मेणबत्त्यांचा सण, गेरोच्या गढीवरून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मला इथे मिळालं, लग्न झाल्यावर. तापाचं मलाही सुचलं होतं गं. बाबांनी तसंच उचलून घोड्यावर बसवलं. आता तू येऊ नकोस. आलीस तर दोघींचाही बळी जाईल. तू शपथ घे.

अंगठी तुझ्या मापाची, म्हणून दोरा गुंडाळून घालते. तिच्यावर तुझं नाव कोरलंय. दुसरी कशाला करायची, असं म्हणून हे मलाच रिखिल्डिस म्हणायला लागले. आता नोकरमाणसंही तेच म्हणतात. आधी मी सांगून बघायची. आता मुकाट्यानं वळून बघते.

एवढं कर, ताई. लिहायला काही नसलं तरी पत्र धाड. वर माझं नाव तेवढं लिही.

तुझी,
ओडा