कवळी काढून वाजवलेली सनई

नाना, काल मी कळसूबाईला जाऊन आलो. सनई घेऊनच गेलो. साठी उलटली, वरचे दात गेले, कवळी बसली, तरी नवरात्रात एक दिवस देवीपुढे वाजवायची तुमची रीत मोडवेना. डॉक्टर म्हणाले, आता फुंकणं सोडा. पण सोडायचंच तर सूर उरलाय की नाही, हे मला देवीपुढेच बघायचं होतं. लेक, तुमची नात, सोबत होती. हल्ली माझ्यामागे दुसऱ्या सनईवर तीच सूर धरते. पायथ्याच्या बारी गावातून निघालो ते डोंगरावरच्या शिड्यांपर्यंत तिची बडबड चालूच. मी असाच बडबडायचो आणि तुम्ही म्हणायचा, "दम राखून ठेव, वर लागंल."

वर वारा असा, की टोपी हातात धरावी लागली. देवळासमोर बसलो, सनईची पत्ती ओठांत धरली, फुंकलं, तर कवळी खडखडली आणि नुसती हवा. दर्शनाला आलेली माणसं वळून बघायला लागली. कवळी काढून खिशात टाकली. पुन्हा फुंकलं, पुन्हा फुस्स. तुमचं इथलं शेवटचं नवरात्र आठवलं. तुम्ही ह्याच जागी बसला आहात, दात पडलेले, गाल फुगलेले, सूर काही येत नाही. मी मागे सूर धरून आहे आणि मला लोकांची लाज वाटते आहे.

मी माझी सनई लेकीकडे सरकवली. तिनं घेतली नाही. स्वतःची ओठांपासून क्षणभर बाजूला केली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं होऊ द्या. मी सूर धरून हाय."

पाचव्या का सहाव्या दमाला सूर आला. बारीक, जरा चिरका, पण आला. मग वाजवतच राहिलो. इतका आनंद मला भरल्या मांडवातही कधी झाला नव्हता. खाली उतरल्यावर भाकरी चावेना, तेव्हा खिशातली कवळी आठवली. लेक पोट धरून हसली, मीही हसलो.

हे पत्र सनईच्या पिशवीतच ठेवतो आहे. गावात मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, की त्या शेवटच्या नवरात्रात नानांनी आपल्या हातानं सनई माझ्या हाती दिली. तुम्ही दिली नव्हती. तुम्ही पुढचा दम घेत होता, आणि मी ती ओढून घेतली.