शबानाच्या आईचा चेहरा

७ जाने., अकोला
पातूरचे रहीमचाचा सकाळीच स्टुडिओत. बायकोचा एकच फोटो आहे, ब्लॅक अँड व्हाइट, तळहाताएवढा. निंबाखाली उभी, चेहरा सावलीत. ती गेली तेव्हा मुलगी शबाना सहा महिन्यांची. तिच्यासाठी मोठा करून हवाय. स्कॅन केला. मॉनिटरवर डोळे, नाकातली चमकी, सगळं स्पष्ट. प्रिंटमध्ये नुसता काळोख.
चाचांनी प्रिंट परत माझ्यापुढे सरकवली. "मले तिचा चेहरा पायजे, बाई. निंब तं पातुरातबी हायेत."

८ जाने.
अंदाजाने उजळ करून तीन प्रिंट. चेहरा राखेसारखा, ओढणी पांढरीफटक. अंदाज बंद. खोट फोटोत नाही, माझ्या मॉनिटरमध्ये आहे. इतकी वर्षं फार उजळ ठेवला, म्हणून स्क्रीनवर दिसतं ते कागदावर येत नाही.

१०, अमरावती
वैशालीच्या लॅबमध्ये. कॉलेजची मैत्रीण. मॉनिटर मोजायचं यंत्र मागितलं; स्क्रीनला टेकवलं की उजेड नि रंग मोजतं. म्हणाली, एवढा फरक कोणाले दिसते? म्हटलं, चाचांले दिसला. दिलं.

११, अकोला
मॉनिटर अर्धा तास तापू दिला. खिडकीला काळा पडदा. ब्राइटनेस निम्म्याखाली. मला मंद वाटतो, यंत्र म्हणतं बरोबर. यंत्राचं ऐकायचं. करड्यातली हिरवट झाक गेली. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पट्ट्यांची प्रिंट. गडद तीन अजूनही एकमेकींत मिसळलेल्या. उद्या पुन्हा.

१३
काल दिवसभर तेच. आज कागदाचं प्रोफाइल, म्हणजे कोणत्या कागदावर किती शाई पडायची ती सेटिंग, बदललं आणि पट्ट्या सुट्या झाल्या. लगेच तो फोटो. स्क्रीनवर आणि कागदावर एकच बाई! डोळे किंचित मिटलेले, हसू दाबलेलं.
गालावर एक ठिपका. आधी काळ्यात बुडालेला. तीळ, की जुन्या फोटोवरचा डाग? मोठा करूनही कळेना.

१५
चाचा आणि शबाना आले. ती प्रिंट दाराच्या उजेडात घेऊन गेली. मग ठिपक्याजवळ बोट नेलं, टेकवलं नाही. अब्बांना विचारलं, अम्मीच्या गालावर तीळ होता का.
चाचा माझ्याकडे पाहून म्हणाले, "मलेच आठोत नाही, बाई." आणि स्टुलावर बसले.
मी म्हटलं, डाग असेल तर काढते, दोन मिनिटांचं काम. शबानाने नको म्हणून मान हलवली. हिवरखेडला खाला आहे, अम्मीची धाकटी बहीण. आता तिला नीट दिसत नाही, पण आठवण पक्की. रविवारी तिला विचारून येते म्हणाली.
तोवर फाइलला हात लावायचा नाही.