दातांचा ट्रे आणि घरची डबल्स

४ जानेवारी

आज ट्रे आले. दोघांचे, माझे आणि लेकीचे. पारदर्शक प्लास्टिकचे, दातांवर चपखल बसणारे. अलाइनर म्हणतात. दर पंधरा दिवसांनी पुढच्या नंबरचा लावायचा, म्हणजे दात हळूहळू रांगेत येतात. खरं तर प्रश्न लेकीच्या दातांचा होता. पण वर्गात सगळे हसतील म्हणून ती अडून बसली, तेव्हा मी दवाखान्यातच जाहीर केलं की तुझ्याबरोबर मीही लावतो. डॉक्टरीणबाई माझ्या तोंडात डोकावून म्हणाल्या की तुम्हाला तर आधी लावायला हवेत. बाईंचा स्वभाव विनोदी दिसतो.

दिवसाचे बावीस तास तोंडात. फक्त खाताना काढायचे. पळताना, व्यायाम करताना, बॅडमिंटन खेळतानाही काढायचे नाहीत. बॉक्सिंग करत असाल तर वेगळं बघू, म्हणाल्या. करत नाही म्हणून सांगितलं.

रात्री, जेवणानंतर

मार्चमध्ये क्लबची कौटुंबिक डबल्स आहे. एका कुटुंबातले कुणीही दोघे. लेक आणि मी उतरणार. पुढच्या वर्षी ती बाहेर शिकायला जाईल, म्हणजे ही शेवटचीच. मला तिच्याबरोबर खेळायचंच आहे.

तिला शिस्त लागावी म्हणून एक नियम सुचवला. स्पर्धेला जो ट्रेच्या नंबरात मागे असेल, तो बाहेर. त्याच्या जागी तिचा मामा. लेकीने लगेच हात पुढे केला. बायको माझ्याकडे बघत राहिली. बहुधा कौतुकाने.

९ जानेवारी

सकाळी ट्रे लावून पळायला गेलो. रस्त्यावर भेटेल तो हसून बघत होता. दोन बायकांनी तर वाट बदलली. घरी येऊन आरशात पाहिलं तेव्हा उलगडा झाला. तोंडाने श्वास घेतल्यामुळे ट्रे कोरडा पडतो, वरचा ओठ त्याला चिकटून वरच राहतो. म्हणजे अख्खा रस्ताभर मीच दात काढून हसत होतो.

निर्णय: पळताना ट्रे नाही. तेवढ्याने काय बिघडतंय.

१४ जानेवारी

ऑफिसात अडचण. आमचं कुरिअरचं काम, मी तक्रारींच्या फोनवर. ट्रे लावला की जीभ अडखळते. आज एक गृहस्थ म्हणाले की माझं पार्सल हरवलंय आणि तुम्ही खुशाल खात बसलाय. साहेबांनी काचेतून पाहिलं.

निर्णय: फोनवर बोलताना काढायचा, फोन नसेल तेव्हा लावायचा. दिवसभरात फोन नाही अशी वेळच आली नाही. उद्या येईल.

१८ जानेवारी

नंबर दोन. लेकीचा टक्कन बसला. माझा बसेना. दोन्ही अंगठ्यांनी रेटला. डोळ्यांतून पाणी आलं, पण बसला. तिची हाडं कोवळी आहेत, माझी अनुभवी. एवढाच फरक.

१ फेब्रुवारी

नंबर तीन. अर्धा तास बाथरूममध्ये होतो. बायकोने दार वाजवून विचारलं की दात बसवताय की फरशी.

बसला एकदाचा. इच्छाशक्ती असली की सगळं होतं.

४ फेब्रुवारी

जिम. ट्रेनर म्हणाला की वजन उचलताना दात आवळू नका, ट्रे तडकेल. दात न आवळता मला वजन उचलता येत नाही असं लक्षात आलं. दात आवळूनही फारसं येत नाही, पण तो मुद्दा वेगळा. मग नुसतंच केशरी एनर्जी ड्रिंक प्यायलो, ट्रे लावूनच. साध्या पाण्याशिवाय काही पिऊ नका असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण यात पाणीच जास्त असतं, बाकीचं किरकोळ.

५ फेब्रुवारी

ट्रे केशरी झालाय. लेकीने विचारलं हे काय. व्यायामाने उष्णता वाढते, असं सांगितलं.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

केशरी रंग जावा म्हणून चहाच्या आधणातलं पाणी ओतून ट्रे धुतला. रंग गेला. आकारही गेला. आता तो कुणाच्याच दातांना बसणार नाही.

शांतपणे विचार केला. कधीही पाया पक्का असावा. तूर्त परत नंबर दोन लावतो. चार आला की थेट चारवर उडी. तीन हा तसाही मधलाच नंबर.

१५ फेब्रुवारी

चार बसत नाही. जवळपास पोचतसुद्धा नाही. दोनच बरा. एव्हाना आमची एकमेकांना सवय झालीय.

जेवताना लेकीने विचारलं, बाबा, तू चारचं पाकीट उघडलंस का. मी हो म्हणालो. उघडलं होतंच. खोटं बोलण्याची मला सवय नाही.

२ मार्च

सराव जोरात. ती मागे, मी नेटजवळ. तिचा स्मॅश बसला की शटल अर्धमेलं होऊन परत येतं आणि मी ते फक्त पलीकडे ढकलतो. पॉइंट दोघांचा. खेळ संपल्यावर बाकावर बसून एकाच टॉवेलला घाम पुसला. असं शेजारी बसून ती माझ्याशी बऱ्याच दिवसांनी एवढं बोलली. कोचबद्दल, मैत्रिणीबद्दल, हॉस्टेलच्या खोलीबद्दल. मी नुसता ऐकत होतो. फार बरं वाटलं.

मध्येच म्हणाली की बाबा, ट्रे लावूनही तू किती स्वच्छ बोलतोस, मला अजून जमत नाही. सराव लागतो, म्हणालो. ट्रे बॅगेत होता. खेळताना जबडा मोकळा लागतो, हे डॉक्टरीणबाईंना कोर्टावर न उतरता कसं कळणार.

आज रात्रीपासून मात्र पूर्ण बावीस तास. ठरलं.

३ मार्च

काल रात्री विसरलो. आजपासून.

१५ मार्च

लेकीचा नंबर सहा. हसली की कळतं, समोरचे दोन दात सरळ झालेत. आता हसतेही सारखी. डॉक्टरीणबाईंनी तिला शाबासकी दिली. माझी तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलली, ऑफिसात तातडीचं काम आहे म्हणून. तातडीचं म्हणजे नेहमीचंच.

सहाचं पाकीट उघडून ठेवलंय. कुणी विचारलंच तर.

२१ मार्च

उद्यापासून स्पर्धा. संध्याकाळी शेवटचा सराव होता. समोर मेहुणे आणि कोच. मेहुणे कॉलेजात चॅम्पियन होते, असं मेहुणे सांगतात. आल्याबरोबर त्यांनी माझी रॅकेटची पकड चुकीची ठरवली.

लेक म्हणाली की उद्यासारखंच खेळूया, ट्रे लावून. तिच्यादेखत बॅगेतून काढून लावला. दोन नंबरच, दुसरा कुठला बसणार. पण दिवसातून दहादा काढघाल करून तो जरा सैल झालाय.

पहिला गेम सुरेख झाला. मग एक शटल उंच आलं. मी उडी मारली, जोर काढायला मोठ्याने ओरडलो आणि शटल नेटमध्ये गेलं. ट्रे नेटवरून गेला.

मेहुण्यांनी तो रुमालात उचलला. चष्मा लावला. ट्रेच्या कडेला नंबर कोरलेला असतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. त्यांनी मोठ्याने वाचला. दोन.

लेकीने विचारलं, सहा कुठाय. म्हटलं डब्यात आहे, सुरक्षित आहे. मग पाच? तोही. चार? तोही. तीनचं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं की तीन वाकडा झालाय. का सांगितलं कोण जाणे.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली की नियम तूच केला होतास ना, बाबा. मग जाऊन कोचला मामाचं नाव लिहायला सांगून आली. मेहुण्यांनी नको नको केलं. दोनदाच.

घरी परतताना ती पुढच्या सीटवर बसली नाही.

२२ मार्च

नीट विचार केला तर मीच माघार घेतली असं म्हणता येईल. खांदाही दुखत होता. तरुणांना संधी द्यायला हवी. मेहुणे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत, पण ते जाऊ दे.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. पुन्हा माप घ्यावं लागेल, सगळे ट्रे नवे, एक नंबरपासून. मी तक्रार विभागात काम करतो हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला कळेल.

पहिल्या दोन मॅच ते जिंकले. मी लेकीच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या.

२३ मार्च

फायनल. प्रेक्षकांत वरून दुसरी रांग मिळाली. बायको खाली, मेहुण्यांच्या बायकोशेजारी.

मेहुणे खरंच चांगले खेळतात. हे लिहायला जड जातंय, पण खेळतात. नेटजवळ माझ्यापेक्षा चपळ. लेकही मोकळी खेळत होती, ट्रे तोंडात, चेहऱ्यावर लपवाछपवी नाही. मी तिच्याकडेच बघत होतो. पुढच्या वर्षी ती इथे नसेल, हे तेव्हा एकदम जाणवलं.

शेवटच्या गेममध्ये बरोबरी. मोठी रॅली झाली. शटल नेटला लागून अलीकडे पडायला आलं, अगदी माझ्या जागेवर. ती मागून ओरडली, बाबा, तुझं!

मेहुणे थबकले. शटल पडलं. पॉइंट गेला. लेकीने तोंडावर हात ठेवला.

मी उभा राहिलो होतो. हात पुढे केलेला. किती वेळ तसाच होतो, माहीत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, काका, खाली बसा, आम्हाला दिसत नाहीये.

बसलो.