दुसरा नमस्कार

तेगू

चि. तेसोक,

बारा सप्टेंबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. वृद्धाश्रमात मला सोडून निघताना तू जमिनीला कपाळ टेकवून मला दोनदा नमस्कार केलास. जिवंत माणसाला एकदा आणि मेलेल्याला दोनदा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तू तर विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवतोस. सूनबाई पुटपुटली, "अहो, एकदाच." तू म्हणालास, "असू दे गं, आईला आता काय कळतंय."

मला सगळं कळतं. लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलेल्या प्रार्थनासुद्धा अजून पाठ आहेत.

तुमच्या नव्या घराचा पत्ता मला कुणी देत नाही, म्हणून हे पत्र उशीखालीच पडून राहणार. तरीही पितरांना नमस्कार करायच्या चुसोकच्या सणाआधी, चोवीस तारखेच्या आत, मला लेखी उत्तर हवं. चुकून झालं, एवढंच लिही. खोटं असलं तरी चालेल.

तुझी आई,
पेंग ओक-रान