पन्नासची लेन्स आणि नीलम्माचा फोटो

लिहून ठेवणार चन्नप्पा सिद्धाराम मिटकरी, वय ६८, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण फोकस मी उजव्याने करतो आणि डोके दोन्ही डोळ्यांपेक्षा साफ आहे. मला कोणी दम दिलेला नाही की फूस लावलेली नाही. दटावणारी एक होती, माझी बायको नीलम्मा, ती दोन वर्षांपूर्वी लिंगैक्य झाली. माझ्या माघारी कटकट नको म्हणून राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगत आहे. अक्षर माझे मित्र बद्रीनाथ यांचे आहे, कारण माझे अक्षर मलाच लागत नाही.

१. घर, म्हणजे खाली स्टुडिओ आणि वर दोन खोल्या, मुलगा श्रीशैल याला. स्टुडिओतला बर्फाच्या डोंगराचा पडदा त्याने उतरवू नये. तो जुनाट आहे हे मला त्याने शंभर वेळा सांगितले आहे, पण नवी जोडपी अजून त्याच्यापुढेच उभी राहतात.

२. पोस्टातली बचत आणि नीलम्माचे सोने मुलगी प्रणिता हिला. तिने त्यातले भावाला काही देऊ नये. तो आणखी एक झूम लेन्स आणील.

३. कॅमेऱ्यांबाबत. माझा कॅमेरा १९७८ सालचा, त्यावर पन्नास मिलिमीटरची लेन्स. ती लांबचे जवळ करत नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर फोटोवाल्याने स्वतः दोन पावले पुढे जावे, एवढेच तिचे मागणे. श्रीशैलला तेवढेही जिवावर येते. देश खुला झाला, परदेशी माल औरंगाबादेत उघड मिळू लागला, तेव्हा ९४ साली हा गडी सत्तर ते दोनशे दहाची झूम घेऊन आला. तेव्हापासून लग्नात मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि बसल्या जागी लेन्सची नळी फिरवून लांबचे जवळ ओढतो. चकलांब्याच्या लग्नात नवरदेवाची आत्या केशरबाई नवे लुगडे नेसून फोटोसाठी तासभर थांबली. याने दुरून तिचा जांभई देतानाचा काढला. बोलणी मी खाल्ली. माणसाजवळ जावे, पदर सारखा करायला सांगावे, हनुवटी वर म्हणावे, मग बटण दाबावे, हे सांगून सांगून मी लई बेजार झालो.

खरे तेही लिहू द्या, असे बद्रीनाथ म्हणतात. लिहा. पुढारी अमरसिंह यांच्या सभेत माझ्या पन्नासवर चार हजार डोकी आली आणि त्यात मुंगीएवढे अमरसिंह. श्रीशैलच्या झूमवर त्यांच्या मिशीचा केस न् केस आला, आणि तोच फोटो त्यांनी बैठकीत लावला. सभेला आणि नारायणगडाच्या जत्रेला झूम बरी आहे. घरात नाही.

४. घरात का नाही, हे कोर्टालाही कळावे. आम्हा लिंगायतांत माणूस गेले की आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवतात आणि शेवटचा फोटो काढतात. कित्येक बायांचा तो पहिलाच असतो. फ्लॅश मारला की विभूतीचे पट्टे उडतात आणि कपाळ नुसते पांढरे येते. म्हणून दाराच्या उजेडावरच भागवायचे. पन्नासला तेवढा उजेड पुरतो. झूमला पुरत नाही, फोटो घ्यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात हात हलला की संपले. मी अशी दोनशेवर माणसे काढली. एकही फोटो हललेला नाही.

नीलम्माचा श्रीशैलने काढला. दारात उभा राहून, झूमने. स्टँड दारामागेच होता, तोही घेतला नाही. रोल धुतला तर तिन्ही फोटोंत चेहऱ्याच्या जागी धूर. मी त्याला भावकीसमोर विचारले, “मेलेलं माणूस हलत न्हाई बे. मग हललं कोण?” तेव्हापासून आम्ही एकाच दुकानात बसतो आणि गिऱ्हाइकामार्फत बोलतो.

५. सबब पन्नासची लेन्स श्रीशैलला मिळू नये, ती जावयाला द्यावी, असे येथे लिहिले होते ते खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. खोडण्याचे कारण असे की बद्रीनाथांनी पेन खाली ठेवले आणि मला विचारले, “चन्नप्पा, त्या दिवशी तुमी सोता कावून न्हाई काढला?”

मला राग आला. मृत्युपत्र लिहायला बसलात का जबाब घ्यायला, असे मी म्हणालो. चहा झाला, पान झाले, तरी त्यांनी पेन उचलले नाही.

तर लिहा. त्या दिवशी कॅमेरा आधी मीच घेतला होता. पन्नासने चार फुटांवर जावे लागते. दोनशे मेलेल्यांजवळ गेलो, हिच्याजवळ मला जाववले नाही. श्रीशैलला हाक मारून तू काढ म्हणालो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कॅमेरा पन्नासच्या लेन्ससकट माझ्या मांडीवर होता. पोराकडे होती ती झूमच. आईपुढे त्याचे हात कसे स्थिर राहणार होते, हे माझ्या ध्यानात आले नाही. दोन वर्षे त्याच्यावर राग धरला. चूक माझी आहे.

६. पन्नासची लेन्स आणि कॅमेरा श्रीशैलला. झूम त्याची आहेच. ती मला अजूनही आवडत नाही. नीलम्माचे ते तीन फोटो मी फाडले असे सांगितले होते, ते खोटे आहे. दोन डार्करूमच्या खणात आहेत. तिसरा माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो, तो माझ्याबरोबरच मातीत पुरावा.

७. माझा शेवटचा फोटो श्रीशैलनेच काढावा. फ्लॅश मारू नये. लेन्स कोणती लावायची ते त्याचे त्याने ठरवावे. पण श्रीशैल, जवळ ये. माझी हनुवटी खाली आली असेल, ती हाताने वर कर. फोटो हलला तरी चालेल.

येथवरचा मजकूर बद्रीनाथांनी मला वाचून दाखवला. खोडलेल्या कलमासह तो मला कबूल आहे आणि साक्षीदारांदेखत सही करत आहे.

मुक्काम नांदूरघाट, दिनांक १४ डिसेंबर १९९७

सही: चन्नप्पा सिद्धाराम मिटकरी

साक्षीदार:
१. बद्रीनाथ गणपतराव जाधव, निवृत्त कारकून, नांदूरघाट (मजकूर लिहिणार)
२. पंडित सटवा काळे, शिंपी, स्टुडिओशेजारी, नांदूरघाट